पाण्याला ऊन दाखवायला

लोक संभाजीनगरला जातात ते लेणी बघायला, मकबरा बघायला, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. मी गेले ती आमच्या विहिरीचं पाणी घेऊन. दहा-दहा लिटरचे दोन कॅन, एक पिशवी, आणि डब्यात दोन दिवस टिकतील अशा दशम्या. सहा दिवस राहिले. लेणी काही पाहिली नाहीत, तेव्हा त्या आशेनं वाचत असाल तर आत्ताच सांगते.

आमचं गाव तुळजापूरच्या अलीकडं. नाव सांगत नाही, कारण आमच्याकडं पोरी द्यायला लोक आधीच मागंपुढं बघायला लागलेत. गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, ब्लँकेटच्या धाग्याला रंग द्यायचा एक कारखाना होता. चालू होता तोवर पोरांना काम मिळायचं, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. मग तो बंद पडला. मालक गेला, मशिनी गेल्या, मागनं शेडचे पत्रेसुद्धा कुणी काढून नेले. रंग तेवढा राहिला. आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं. लई नाही. तांब्यात घेतलं तर कळायचंही नाही. पण पांढरं धोतर दोनदा धुतलं की कळायचं.

ग्रामसभेत ठरलं, विहीर बुजवून टाकायची. वस्तीवर टाकीचं पाणी येतं तरी लहान पोरं विहिरीचं पितात, जनावरं पितात, उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? मी उभी राहिले आणि म्हणलं, माझ्या भावाची पोरगी शहरात ह्याचंच शिकतीया, उन्हानं पाण्यातला रंग तोडायचं. तिला पाणी दाखवून येते, मग काय ते करा. तर म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. तिनं सहीनिशी लिहून दिलं की पाणी सुधारतंय, तर विहीर राहील. नाही तर मंगळवारी ट्रॅक्टर लागतील.

म्हणून निघाले.

सोमवार, रस्ता

एसटीत कॅन चढवायला माझा मुलगा दत्ता आला होता. तो गेला आणि कंडक्टर आला. कॅनकडं बघून म्हणाला, "मावशी, सरबत कुठं निघालं एवढं?"

"पिऊन बघतोस का?"

"नको. तुमच्या बोलण्यावरनं बरं दिसंना झालंय ते."

त्यानं कॅन मागच्या सीटखाली ढकलले आणि बीडपर्यंत दर थांब्याला येऊन झाकणं बघून गेला. गळू नये म्हणून नव्हे, गळालं तर आपल्या बुटाला लागू नये म्हणून. शहागडला गोदावरी ओलांडली तेव्हा बसमधल्या दोन-तीन बायकांनी खिडकीतनं हात जोडले. मीही जोडले. पण मनात आलं, हिच्यात वरच्या अंगानं काय काय येत असेल ते कोण बघतंय. पूर्वी असलं काही मनात येत नव्हतं. एकदा पाणी बिघडलं की माणूस सगळ्याच पाण्याकडं वाकड्या नजरेनं बघायला लागतं.

क्रांती चौकात उतरले. तिथं गाड्यांची अशी घाई असते की रस्ता ओलांडायचा म्हणजे कुणाच्या तरी मागं लागायचं आणि डोळे मिटून चालायचं. माझी भाची वैशाली उभी होती. पोरगी वाळलेली दिसली. डोळ्यांखाली काळं. पाया पडली आणि पहिलं विचारलं ते, "पाणी सांडलं तर नाही ना, आत्या?"

म्हणलं, "मी बरी आहे, विचारलंस ते बरं केलंस."

तेव्हा हसली.

हर्सूल

वैशालीची खोली हर्सूलला. जेलची भिंत मागं टाकून आत वळलं की गल्ली लागते. घरमालकीण नसीम आपा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, एकट्याच. खाली त्या राहतात आणि शिवणकाम करतात, वर वैशालीची खोली, आणि त्याच्यावर गच्ची. मी त्यांना आपा म्हणायला लागले आणि त्या मला अम्मा. नात्याचा हिशोब काही लागत नाही, पण आमचं जमलं.

त्या घरात पाय ठेवल्यावर पहिलं काय दिसलं तर पाणी. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, दोन जुने कुकर, सगळे भरलेले आणि सगळे झाकलेले. नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. आपा म्हणाल्या, "अम्मा, हमारे यहां मेहमान आया तो पहले पूछते, पानी कब आया था." आमच्याकडं मोप पाणी आहे आणि ते पिता येत नाही. इथं पिता येतं तर ते येत नाही.

रात्री आपांनी खिचडी आणि खट्टा केला. मी माळकरी, मला मटण चालत नाही म्हणून त्यांनी भांडीसुद्धा वेगळी काढली, मी न सांगता. खट्टा म्हणजे चिंचेचा कोळ, त्यात कच्चा कांदा, तिखट, तीळ, कोथिंबीर, आणि वरनं फोडणी. आमच्याकडच्या सारासारखं, पण थंडच खिचडीवर घ्यायचं. मसुराची डाळ त्या खिचडीत अशी शिजली होती की दाणा सापडंना. आमच्या विहिरीवर डाळ शिजवायची म्हणजे दोन तास आणि चिमूटभर सोडा. रंग यायच्या आधीपासून ते पाणी जड. हे मी वैशालीला फोनवरही बोलले होते, पोरीनं हो-हो केलं होतं.

मंगळवार, लेप

वैशाली ज्या कॉलेजात संशोधन करते आणि शिकवतेही, तिथं मला घेऊन गेली. प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं काहीतरी चकाचक असेल. एक लांब खोली, त्यात ओटे, आणि एका ओट्याला चिकटवलेला कागद: 'कृपया इथे डबा खाऊ नये'. त्याच्याच खाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या.

तिनं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. टायटॅनियम नावाचा धातू आहे. त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की पांढरी पूड होते. ती भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते, पोरी तोंडाला लावतात त्या क्रीममध्येही असते. ह्या पुडीवर उजेड पडला की तिच्या अंगात जोर येतो. मग पाण्यातला रंग, तेल, औषध, जे काही तिच्या अंगाला लागेल त्याचे ती तुकडे करत जाते. तुकड्यांचे तुकडे, शेवटी रंगाचा रंग म्हणून काही उरत नाही. आणि पूड स्वतः आहे तशीच राहते.

मी म्हणलं, "म्हणजे मध्यस्थासारखं. दोघांचं जमवून देतो आणि स्वतः मांडवाबाहेर."

"जमवत नाही आत्या, मोडते."

"मग आमच्या गावात असले लई आहेत."

पोरगी इतकी हसली की पलीकडच्या ओट्यावरच्या मुलानं मान वर केली.

पूड पाण्यात नुसती टाकली तर ती परत काढायची कुणी? म्हणून तिचा लेप द्यायचा. वैशालीनं भाजलेल्या मातीच्या लाल फरश्या घेतल्या होत्या, तळहाताएवढ्या. दुधासारख्या एका पाण्यात फरशी बुडवायची आणि वर काढायची. ते काढणं बघण्यासारखं. एक छोटं यंत्र दोरीनं फरशी वर ओढतं, इतकं सावकाश की फरशी हलताना दिसत नाही, नुसतं पाणी खाली जाताना दिसतं. घाई झाली की लेप जाड बसतो आणि सुकल्यावर उकलतो. मग भट्टी. मग पुन्हा बुडवणं. असं तीनदा. आम्ही भिंतीला चुन्याचे हात देतो तसंच, पण इथला एक हात म्हणजे अख्खा दिवस. लाल मातीवर पांढरा पातळ लेप बसून फरश्या फिक्या गुलाबी दिसत होत्या.

तिचा मनसुबा असा, की विहिरीच्या कडेला उतरती फरसबंदी करायची, तिला हा लेप द्यायचा, आणि मोटरनं पाणी वर घेऊन तिच्यावरनं दिवसभर खेळवायचं. फिरून विहिरीत. महिन्या-दोन महिन्यांत पाणी निवळेल. तिनं वहीत त्याचं चित्र काढलं होतं. त्यात विहिरीच्या कडेला एक बाई उभी होती, नऊवारी नेसलेली.

"ही कोण?"

"तू. मोटर बंद करायला विसरलीस म्हणून दत्तादादा ओरडतोय, तो चित्रात मावला नाही."

मग तिनं एक काचेचं भांडं दाखवलं. शुद्ध केलेल्या पाण्यात रंगाचे चार थेंब टाकलेले, तळाशी लेपाची काच. वर दिवा. सकाळी गुलाबी होतं म्हणाली, आता दुपारी ते पाण्यासारखं पाणी झालं होतं. मी हात जोडले. काय करणार, दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी गच्चीवर आपांच्या तीन पराती मांडल्या. तिन्हींत आमच्या विहिरीचं पाणी. दोन परातींत तिनं आधीच तयार करून ठेवलेल्या लेपाच्या फरश्या, तिसरीत नुसत्या, तुलनेला. वैशाली म्हणाली, "आता याला फक्त ऊन लागतं, आत्या. ऊन लागलं की झालं."

मी म्हणलं, उन्हाला काय तोटा आपल्या मराठवाड्यात.

बुधवार आणि गुरुवार

हे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

बुधवारी संध्याकाळी लेपाच्या परातींतलं पाणी फिकं झालं. गुरुवारी दुपारी तर रंग शोधावा लागत होता. तिसऱ्या परातीतला तेवढा पुष्कळसा तसाच. वैशाली दर दोन तासांनी बाटलीत थोडं थोडं पाणी घेऊन खिडकीत ओळीनं ठेवत होती आणि मी त्या बाटल्यांकडं बघत बसत होते, जशा बायका सिरियल बघतात.

गुरुवारी सकाळी आपा मला हर्सूल तलावावर घेऊन गेल्या. पाणी खाली गेलेलं, कडेनं भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बसलेल्या. एक म्हातारा बगळ्यासारखा उभा राहून मासे धरत होता. आपा म्हणाल्या, लहानपणी अब्बा इथं आणायचे, तेव्हा ह्या दगडापर्यंत पाणी असायचं. तो दगड पाण्यापासून आता एवढा लांब की तिथं बकऱ्या बांधल्या होत्या. मी त्यांना आमच्या पाण्याचं सांगितलं, दोन दिवसांत कसं निवळलं ते. त्या म्हणाल्या, "अल्ला करे, अम्मा." पण बघत होत्या तलावाकडंच.

घरी येऊन मी दत्ताला फोन लावला. म्हणलं, "रंग गेला."

"खरं का आई?"

"डोळ्यानं बघितला. सरपंचाला सांग, कागद घेऊन येतीय."

त्यानं लगेच सांगितलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत गावातनं तिघांचे फोन आले. एकीनं तर विचारलं, तेवढ्यात माझी पिवळी साडी पण त्या फरशीवर ठेवता का, हळदीचा डाग आहे. असं सगळं.

हा आनंद मी लई लवकर वाटला. आता कळतं.

शुक्रवार, झाकणं

शुक्रवारी वैशालीनं पराती रिकाम्या केल्या, नव्या फरश्या ठेवल्या आणि दुसऱ्या कॅनातलं पाणी ओतलं. एकदा झालं ते पुन्हा होतं का बघायचं, नाहीतर कागदावर लिहिता येत नाही म्हणाली. परातींना ऊन दाखवून ती कॉलेजात गेली.

दहा-साडेदहाला मी गच्चीवर गेले तर कबुतरं. एक परातीच्या काठावर बसून पाणी पीत होतं, आणि दुसऱ्यानं जे करायचं ते पाण्यातच केलं होतं. मी ते चमच्यानं काढून टाकलं. आपा खालून म्हणाल्या, "खुल्ला पानी है अम्मा, कबूतर तो आएंगेच." त्या घरात उघडं पाणी म्हणजे पापच. मी म्हणलं, झाकायला काय आहे? त्यांनी तीन लोखंडी झाकणं दिली, बिर्याणीच्या डेगांवरची, काळीभोर.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते. वैशाली म्हणाली होती, याला ऊन लागतं. आम्ही ऊन पाणी म्हणतो ते गरम पाण्याला. ऊन-ऊन भात म्हणतो ते वाफाळत्या भाताला. लोणच्याची बरणी उन्हात ठेवतो ती कापडाचा दादरा बांधूनच. म्हणलं, काळं लोखंड, असलं तापेल की झाकणाखाली पाणी उघड्यापेक्षा दुप्पट ऊन होईल. काम आणखी लवकर होईल. मी आपली खूश. झाकणांवर विटा ठेवल्या, वाऱ्यानं हलू नयेत म्हणून. दुपारी हात लावून बघितला तर चटका बसला. वाटलं, बरं झालं.

वैशाली पाचला आली. गच्चीवर गेली आणि खाली येईना. मी वर गेले तर ती झाकणं काढून उकिडवी बसलेली.

"आत्या, हे कधी ठेवलंस?"

"सकाळीच. कबुतरं घाण करत होती. आणि म्हणलं ऊन धरेल."

"ऊन म्हणजे उजेड, आत्या." हळू आवाजात बोलली. "याला उजेड लागतो. ऊब नाही."

म्हणलं, माझ्यापायी पोरीचा दिवस वाया गेला. "उद्या पुन्हा करू की. पाणी उरलंय कॅनात थोडं."

"तसं नाही. हे बघ तरी."

मी वाकून बघितलं. लेपाच्या दोन्ही परातींत रंग गेला होता. बुधवारी जेवढा गेला होता तेवढाच. झाकणाखाली, अंधारात.

मी आधी म्हणलं, "मग चांगलंच झालं की. उजेडाशिवाय पण होतंय."

ती खाली जाऊन लिंबू आणि सुरी घेऊन आली. परातीतली एक फरशी उचलली, वाटीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात ठेवली आणि वर अर्धं लिंबू पिळलं. आम्ही दोघी बघत राहिलो. थोड्या वेळानं फरशीच्या कडेनं गुलाबी रंग सुटायला लागला. वाटीभर झाला. मग तिनं खिडकीत सुकायला ठेवलेली बुधवारची एक फरशी आणली आणि तिच्यावरही लिंबू पिळलं. तिचाही सुटला.

रंग तुटला नव्हता. फरशीला नुसता चिकटला होता. हळद हाताला चिकटते तसा. आज चिकटला, उद्या सुटेल. फरशी भरली की चिकटायचाही थांबेल.

"एक परात पहिल्या दिवसापासनं अंधारात ठेवायची असते," वैशाली म्हणाली. "उजेडानं किती गेला आणि नुसता चिकटला किती, ते त्याच्यानं कळतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवते."

"मग ठेवली का नाहीस?"

"आपांच्या पराती तीनच होत्या."

मी तिच्याकडं बघितलं. खाली आपांकडं भांडीच भांडी होती.

"ठेवली असती तर कळलं असतं," ती म्हणाली. मग परातीकडं बघत म्हणाली, "तू एवढ्या लांबनं कॅन घेऊन आलीस."

काचेच्या भांड्यात मग रंग कसा गेला, हे मी विचारलं. तर तिथलं पाणी शुद्ध केलेलं होतं. आमच्या पाण्यात क्षार, म्हणून तर ते जड. उजेडानं पुडीच्या अंगात जोर येतो तो सगळा त्या क्षारांवरच खर्च होतो, रंगापर्यंत पोचतच नाही. हे तिला आत्ताच सुचलेलं नव्हतं, शंका आधी मनात येऊन गेली होती, म्हणाली.

"डाळ शिजत नाही, हे मी तुला फोनवर सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस. मला वाटलं तू डाळीचं सांगतीयस."

शनिवार, कागद

शनिवारी मी एक वाईट काम केलं. ते गाळून लिहिता आलं असतं, पण मग प्रवासात काय घडलं ते तुम्हाला कळणार नाही.

मी सकाळी तिला म्हणलं, "वैशू, बुधवार-गुरुवारचं तेवढं लिहून दे. दोन दिवस पाण्यात रंग कमी झाला. हे तर खोटं नाय."

ती चहा गाळत होती. "खोटं नाही."

"मग?"

"खरं पण नाही."

"पुढं तू शोधून काढशीलच की काहीतरी. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. विहीर बुजली तर मग कशावर लेप देतीस? एवढ्या कागदानं ती थांबेल बघ."

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "आत्या, तुला एवढं का आहे त्या विहिरीचं? टाकीचं पाणी येतं ना वस्तीवर."

हे मी कुणाला सांगत नाही. माझ्या लग्नाच्या आधी तिथं दोन ठिकाणी खोदून झालं होतं, कोरडं. मी नांदायला गेले आणि महिन्यात ह्या जागी पाणी लागलं. सासूनं सगळ्या गावाला सांगितलं, सुनेच्या पायगुणानं लागलं. पुढं मला शिव्या खाव्या लागल्या, मार खावा लागला, पहिल्या दोन पोरी जगल्या नाहीत तेव्हा काय काय ऐकावं लागलं. पण पाण्याचं कुणी काढून घेतलं नाही. भांडण झालं तरी सासू म्हणायची, बाकी काही का असेना, पाणी हिनं आणलं. सासरी मला तेवढा एक मान होता. तो मी पोरीला सांगितला.

ती उठली. कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसली. म्हणाली, "तू सांग. तू सांगशील तसं लिहिते आणि खाली सही करते."

"तसं नगं. तूच लिही."

"नाही. तू सांग. फक्त एक विचारते. हा कागद वाचल्यावर लोक ते पाणी प्यायला सुरुवात करतील ना?"

"सगळे नाय करणार."

"सई?"

सई माझी नात, दत्ताची. पाच वर्षांची. तिला टाकीचं पाणी आवडत नाही, वास येतो म्हणते. गुरुवारच्या माझ्या फोननंतर ती विहिरीवर जाऊन ओंजळीनं प्यायली होती का नव्हती, मला काय ठाऊक. त्या फोनचं मला तेव्हा आठवलं.

आधी मी दत्ताला फोन लावला. म्हणलं, त्या पाण्याला कुणी शिवू नका, सईला सांग. तो म्हणाला, "अगं पण परवा तूच म्हणालीस." म्हणलं, परवा मी चुकले.

मग मी सांगितलं आणि तिनं लिहिलं. रंग फरशीला चिकटतो, तुटत नाही. पाणी जड असल्यानं आजच्या लेपाचा त्याच्यावर उपाय चालत नाही. प्यायला, जनावरांना, भाजीला वापरू नये. खाली तिनं सही केली. एक चूक माझी होती, ती मी तिला लिहायला लावणार होते, झाकणांची. ती म्हणाली, "ते नको. तेवढंच बरोबर झालं या आठवड्यात."

आपांनी दुपारी वाटेसाठी पुऱ्या करून दिल्या. पराती मी घासल्या, तीनदा, तरी त्यांना त्या परत वापरायला देववेनात. आपा म्हणाल्या, राहू द्या अम्मा, त्यात झाडं लावीन. जाताना आम्ही एकमेकींना मिठी मारली आणि पुन्हा भेटू असं म्हणालो. आमच्या वयाला तसं म्हणतात.

घर

रविवारी परतीच्या बसमध्ये ओझं काही नव्हतं. कॅन रिकामेच होते. वैशाली क्रांती चौकात बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "आत्या, मी जड पाण्यावर करून बघणार आहे. आधी क्षार काढून, मग लेप. होईल." मी म्हणलं, होईल. तिचं होईल असं मला अजूनही वाटतं. आमच्या विहिरीचं होणार नाही, एवढंच.

सोमवारी ग्रामसभा भरली. सरपंच म्हणाले, अक्का, कागद आणलाय तर तुम्हीच वाचा. मी शाळेत गेले नाही, दत्ताच्या पाटीवर त्याच्यासोबत अक्षरं गिरवून शिकले. सावकाश वाचते, बोट ठेवून. समोर बसलेल्यांना वाटत होतं, चांगलं वाचणार. दोन-चार बायका माझ्याकडं बघून आधीच हसत होत्या. 'तुटत नाही' ह्या शब्दांवर माझं बोट आलं तेव्हा एकदा वाटलं, यातला 'नाही' वाचला नाही तर कुणाला कळणार आहे? मी तो वाचला. पुढचंही सगळं वाचलं. सरपंचांनी कागद मागितला, मी दिला.

मंगळवारी मुरमाचे ट्रॅक्टर आले. मी बघायचं नाही ठरवलं होतं आणि दिवसभर तिथंच होते. मला वाटलं होतं, मुरूम पडेल तसं पाणी दिसेनासं होईल. पण विहिरीत काही टाकलं की पाणी वर येतं, हे मला सुचलंच नव्हतं. ट्रॉलीमागनं ट्रॉली रिकामी होत गेली आणि पाणी एकेक पायरी वर चढत आलं. बुधवारी संध्याकाळी ते वरनं चौथ्या पायरीला लागलं. चांगल्यात चांगल्या पावसाळ्यातही पाणी त्या पायरीपर्यंत कधी आलं नव्हतं.

सई माझा हात धरून उभी होती. म्हणाली, "आजी, बघ की, विहीर भरली."

मी म्हणलं, "व्हय बाळा. पाय मागं घे."